चर्नी रोडच्या बागेतले केळुसकर गुरुजी

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून फोटो लागतात. मध्यभागी भगवान बुद्ध, शेजारी बाबासाहेब, मग महात्मा फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज, माता रमाई आणि कुठे कुठे बडोद्याचे सयाजीराव महाराज. या रांगेत एक फोटो आम्हांला क्वचितच पाहायला मिळतो. तो आहे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचा. भाषणात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येते. "केळुसकर गुरुजींनी भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले," असे वक्ता म्हणतो, टाळ्या पडतात आणि भाषण लगेच चवदार तळ्यावर जाते. आपल्या पोरांना ते वाक्य तोंडपाठ असते. पण या गुरुजींनी आणखी काय केले, किती वर्षे केले आणि कोणत्या रीतीने केले, हे फारच थोड्या घरांतून सांगितले जाते. म्हणून या आठवड्याच्या कौटुंबिक पानावर आम्ही त्यांचीच गोष्ट सांगणार आहोत. तिच्यात सत्याग्रह नाही, परिषद नाही. संध्याकाळी बागेत पुस्तक वाचत बसणारा एक शिक्षक आहे आणि तिथेच पुस्तक वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा आहे.

केळुसकरांचा जन्म १८६० सालचा. कोकणात वेंगुर्ल्याजवळ केळूस नावाचे गाव आहे, त्यावरून त्यांचे हे आडनाव. मुंबईत ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. पोट शिक्षकीवर आणि जीव लेखनावर, अशा जातीचे हे गृहस्थ. १८९८ साली त्यांनी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. महाराष्ट्रात बुद्धाचे नाव घेणारेही मोजके होते, तेव्हाची ही गोष्ट आहे हे ध्यानात घ्यावे. पुढे १९०६ साली त्यांचे छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र निघाले. त्याच्या आधारे १९२१ साली ताकाखाव यांनी इंग्रजीत शिवचरित्र लिहिले आणि ते परदेशातल्या वाचकांपर्यंत गेले. एवढा व्यासंग असलेला माणूस, पण सभा गाजवणाऱ्यांत त्यांचे नाव कधी ऐकू आले नाही.

आता त्या मुलाकडे वळू.

सुभेदार रामजी सकपाळ आपला संसार घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. खोली एकच. तिच्यातच चूल, तिच्यातच सरपण, तिच्यातच सगळ्यांच्या पथाऱ्या. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण चाळीत गेले त्यांना ही खोली डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपावे, रात्री दोन वाजता सुभेदारांनी त्यांना उठवावे आणि सगळी चाळ झोपलेली असताना पोराने दिव्याशी अभ्यास करावा, असा क्रम ठरला होता. नवे पुस्तक हवे असले की सुभेदार लेकीच्या घरी जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. या बहिणींचेही ऋण आपल्यावर आहे, पण त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेली. तिथेही सुख नव्हते. एकदा मास्तरांनी भीमरावांना फळ्याकडे बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांची डबे उचलायला धावपळ उडाली, हा प्रसंग धनंजय कीरांनी चरित्रात दिला आहे. संस्कृत शिकायची इच्छा होती. त्याचे दार बंद झाले आणि फारसी घ्यावी लागली. अशी शाळा सुटल्यावर हा मुलगा पुस्तक घेऊन चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. चर्नी रोड स्टेशनलगतची ही बाग आज स. का. पाटील उद्यान म्हणून ओळखली जाते. चाळीतल्या एका खोलीत जी निवांत जागा मिळत नव्हती ती बागेत मिळत होती. बागेने तरी जात विचारली नाही!

केळुसकर गुरुजीही संध्याकाळी त्याच बागेत वाचायला येत. एक मुलगा रोज येतो, खेळत नाही, इकडेतिकडे पाहत नाही, पुस्तकात मान घालून बसतो, हे त्यांच्या नजरेत भरले. एके दिवशी त्यांनी मुलाची विचारपूस केली. तू कोण, कुठल्या शाळेत, काय वाचतोस? मुलाने आपली जात सांगितली. त्या काळी एवढे कळल्यावर भलेभले चार हात लांब सरकत. गुरुजींनी मात्र त्याला वाचायला पुस्तके द्यायला सुरुवात केली. काय वाचावे, कसे वाचावे हेही ते सांगू लागले.

साताऱ्याची भाकरी आणि मुंबईचे पुस्तक

इथे जरा थांबावे असे आम्हांला वाटते, कारण दयाळू माणसे भीमरावांना त्याआधीही भेटली होती. साताऱ्याच्या शाळेत भर पावसात भिजून आलेल्या या पोराला पेंडसे नावाच्या शिक्षकांनी आपल्या घरी पाठवून अंघोळीला गरम पाणी आणि नेसायला कोरडा कपडा दिला होता. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत त्यांना आपल्या शिदोरीतली भाजीभाकरी देत. बाबासाहेबांनी त्या भाकरीची गोडी मोठेपणीही आठवणीने सांगितली. पण ती भाकरी वरून हातात टाकली जाई, हातात हात लागू न देता. भूक भागे, अंतर तसेच राही. त्या शिक्षकांना दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. त्या गावात आणि त्या काळात त्यांनी केले ते पुष्कळच होते, आणि बाबासाहेबांनीही त्यांचा उल्लेख सदैव आदरानेच केला.

तरीसुद्धा बागेतली भेट वेगळी होती. इथे दया दाखवणारा वर आणि घेणारा खाली, असा प्रकार नव्हता. दोघेही वाचणारे होते. एकाचे वय पंचेचाळिशीच्या आसपास, दुसऱ्याला मिसरूड फुटायचे होते, तरी बोलणे पुस्तकांवर चालले होते. ज्या मुलाला वर्गात बोलण्यालायक समजले जात नव्हते त्याला एक लेखक विचारत होता की बाबा रे, तू काय वाचतोस? या प्रश्नाची किंमत कशात मोजणार? आपल्यापैकी जे कोणी शिकून वर आले आहेत त्यांनी आठवून पाहावे. कधीतरी कोणीतरी त्यांना हा प्रश्न विचारलेला असतो.

सभा नको म्हणणारे सुभेदार

पुढची हकीकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. कीरांच्या चरित्रानुसार १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, समाजाने अभिनंदनाची सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या आठवणीत ही सभा इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर भरली असे म्हटले आहे आणि अध्यक्ष म्हणून केळुसकरांचेच नाव दिले आहे. ते त्यांना 'दादा केळुसकर' म्हणतात. अभ्यासकांनी साल आणि अध्यक्ष याबद्दल जरूर चर्चा करावी. आम्हांला बाबासाहेबांनी सांगितलेली त्यामागची घरगुती गोष्ट अधिक मोलाची वाटते.

कार्यकर्ते परवानगी मागायला घरी आले तेव्हा सुभेदारांनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झाला, त्यात काय एवढे? सभा भरवाल तर पोराचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. कडक शिस्तीचा लष्करी बाप, दुसरे काय बोलणार! मंडळी हिरमुसली, पण हटली नाहीत. ती केळुसकरांकडे गेली, कारण सुभेदार आणि केळुसकर यांचा स्नेह होता. केळुसकर सुभेदारांच्या घरी आले, थोडा वाद झाला आणि शेवटी सुभेदार राजी झाले. आपल्या जातीत इतकी मजल मारणारा हा पहिलाच मुलगा, एवढ्याचेच लोकांना अपूप होते. इतर समाजांत जी गोष्ट कोणी सांगण्यासारखीही मानली नसती तिच्यासाठी आपल्या माणसांना सभा भरवावीशी वाटली, हे बाबासाहेबांनीही नोंदवले आहे.

त्या सभेत भाषणाच्या शेवटी गुरुजींनी आपल्या हाताने लिहिलेले पुस्तक मुलाच्या हाती दिले. बाजारातून शालजोडी आणली नाही. वर्षानुवर्षे दिवा जाळून जे तयार केले त्यातले एक दिले. मुलाने ते घरी नेऊन मन लावून वाचले आणि तो हलून गेला. मग त्याने एक दिवस वडिलांपुढे प्रश्न टाकला. तुम्ही आम्हांला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे साहित्य का नाही दाखवलेत? सुभेदार कबीरपंथी, सत्शील, मुलांवर जिवापाड प्रेम करणारे. त्यांनी आपल्या परीने उत्तर दिले. आपण अस्पृश्य, आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, सामान्य स्थितीतून माणसे किती उंच चढली ते त्यांना कळावे, यासाठी ते द्रोण आणि कर्ण यांचे दाखले देत. मुलाचे समाधान झाले नाही. एका पुस्तकाने बापलेकांत असा संवाद घडवून आणला. आजच्या कोणत्या घरात पुस्तकावरून बापलेक बोलतात, हे वाचकांनीच मनाशी पाहावे.

त्या वाचनाचा माग पुढे अनेक ठिकाणी दिसतो. बाबासाहेबांनी दादरला बांधलेल्या घराचे नाव राजगृह. १९४६ साली मुंबईत सुरू केलेले महाविद्यालय सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला उभ्या केलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद. सगळी नावे बौद्ध वाङ्मयातून घेतलेली. एका भेटीमुळे एका पुस्तकाची ओळख झाली आणि त्या वाटेवर हा माणूस पुढे पन्नास वर्षे चालत राहिला.

दरमहा पंचवीस रुपये

पुस्तक देऊन गुरुजी मोकळे झाले असते तरी आपण त्यांचे नाव घेतलेच असते. पण खरी परीक्षा नंतर होती. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. रामजी थकले होते, पेन्शनच्या पैशांत कॉलेज भागेना. इंटरच्या टप्प्यावर शिक्षण थांबण्याची वेळ आली. हुशार पोराने शिक्षण सोडून नोकरी धरावी, हे आपल्या समाजात तेव्हाही घडत होते आणि आजही घडते. घर चालवायचे तर कोणाला तरी हात लावावा लागतो. भीमराव तेव्हा थांबले असते तर पुढचे काहीच घडले नसते, हे सांगायला ज्योतिषी नको.

सयाजीराव महाराजांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचे जाहीर केलेले होते. अशा घोषणा पुष्कळ होतात. घोषणा आणि गरजू मुलगा यांच्यात राजवाड्याचे दार असते, पहारेकरी असतो, कारकून असतो. परळच्या चाळीतला मुलगा एकटा तिथे कसा पोचणार? केळुसकरांनी महाराजांची भेट मागितली आणि भीमरावांना सोबत घेऊन ते त्यांच्यापुढे उभे राहिले. महाराजांनी प्रश्न विचारले, मुलाने नीट उत्तरे दिली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. गुरुजींनी या कामी स्वतःच्या खिशातून पैसे दिले नाहीत. त्यांनी आपला शब्द खर्च केला. शब्द वाया गेला तर पत जाते, म्हणून पुष्कळ माणसे पैसे देतील पण कोणाची शिफारस करणार नाहीत. गुरुजींनी ती केली. कॉलेजात प्रोफेसर मुल्लर यांनीही भीमरावांना पुस्तके आणि कपडे दिले, याचीही नोंद आहे. १९१२ च्या बी.ए. परीक्षेपर्यंतची मजल अशी पार पडली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

आता एक अपयशाची हकीकत. भाषणांतून ती कोणी सांगत नाही. १९१७ साली बाबासाहेब करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले आणि ते मुंबईला परतले. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतरही केळुसकर स्वस्थ बसले नाहीत. महाराजांकडे त्यांनी लिहून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. मग बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे त्यांनी बाबासाहेबांच्या राहण्याची सोय लावण्याची खटपट केली. ते गृहस्थ तयारही झाले होते. ऐनवेळी घरातल्यांना चालणार नाही म्हणून त्यांनी नकार कळवला, असे कीरांनी लिहिले आहे. म्हणजे पोर शिकून परदेशातून आला, तरी गुरुजी त्याच्यासाठी दारे वाजवतच होते आणि ती दारे बंदच राहत होती. यशाच्या वेळी शेजारी उभे राहणारे आपण खूप पाहतो. नकार आला तेव्हा सोबत असणारा माणूस कसा असतो ते इथे दिसते.

काही मित्र आम्हांला म्हणतात, बाबासाहेब स्वतःच्या कष्टाने मोठे झाले, दुसऱ्यांना श्रेय कशाला वाटत बसता? त्यांच्या बोलण्यामागची भीती आम्ही समजू शकतो. आपल्या माणसाच्या मोठेपणाचे धनी व्हायला पुष्कळजण टपलेले असतात. पण केळुसकरांनी असे काही मागितल्याचे दिसत नाही. आणि रात्री दोनला उठून केलेला अभ्यास कोणा गुरुजींना दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. तो भीमरावांनीच केला. बाबासाहेबांना उपकार मानण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आपल्या धम्मात अशा माणसाला एक नेमका शब्द आहे, कल्याणमित्र. कल्याणमित्र लाभणे म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य साधणे, असे आनंद एकदा म्हणाले तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले. निम्मे नव्हे, सगळेच. विहारात आपण हे सुत्त ऐकतो आणि चप्पल घालून घरी जातो.

आता तर राजवाडेही नाहीत. शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाईलवर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे खाते, यांतले एक काही जुळले नाही की फॉर्म अडकतो. आईवडील दोघेही कामावर, पोरगी सायबर कॅफेच्या बाहेर उभी. तिच्यासोबत अर्धा दिवस रांगेत उभा राहणारा शेजारचा काका, नळावरच्या भांडणात पडणारी पण पोरीचा दाखला काढायला तहसील कचेरीत चार खेपा घालणारी मावशी, अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारा आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री बारापर्यंत दिवा चालू ठेवणारा निवृत्त गिरणी कामगार, ही माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांचे बोर्ड लागत नाहीत. वाचक भगिनी-बांधवांना विनंती अशी की आपल्या घरातल्या मुलांना त्यांची नावे सांगून ठेवावीत, आणि जयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे बुद्धचरित्राच्या प्रतींसाठी बाजूला काढावेत. हार दुसऱ्या दिवशी सुकतो.

केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. त्यानंतरच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती गुरुजींना ऐकता आली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी तर फारच पुढची. आपण दिलेल्या पुस्तकाचे काय झाले, हे त्यांना पुरते कधीच कळले नाही.

त्याच १९५६ साली, देह थकलेला असताना, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी सुरुवात केली ती वडिलांच्या घरातून, सभेला नाही म्हणणाऱ्या सुभेदारांपासून आणि त्यांची समजूत घालायला आलेल्या दादा केळुसकरांपासून. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती नंतर वेगळी प्रसिद्ध झाली आणि काही आवृत्त्यांत आता वाचायला मिळते. आपल्या घरातली प्रत कपाटातून काढून पाहावी. ती पाने तिच्यात नसतील, तर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून आणून एकदा घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत.